नवव्या आठवड्यातली सोमवती

"डॉक्टर, आईच्या खुब्यातले स्क्रू उद्या ढिले झाले, तर आवळायला गावातला मिस्त्री चालेल, का तुम्हीच लागता?"

अंकितानं एका दमात विचारून टाकलं आणि मग तिच्याच कानाच्या पाळ्या तापल्या. प्रश्न तिचा नव्हताच. नववी 'ब'मधल्या मोनालीनं आणि तिच्या टोळक्यानं पैज लावली होती, की दर सोमवारी पुण्याहून शिरूरला येणाऱ्या हाडांच्या डॉक्टरला एवढं विचारून दाखव, स्टँडवरची भेळ आमच्याकडून. आणि वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात दुसरा नंबर आल्यापासून अंकिताचं असं झालं होतं, की कुणी 'करून दाखव' म्हटलं की ती आधी करायची आणि मग घाबरायची.

शेजारी तिचे वडील हनुमंतराव खुर्चीत अवघडून बसले होते. घरात त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. "जरा आगाव हाय पोरगी, सायेब," ते म्हणाले. "मनावर घेऊ नका."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "मिस्त्री चालला असता तर मी बारा वर्षं शिकत कशाला बसलो असतो? दारं-खिडक्या नसत्या केल्या?" मग ते हसले, आणि हसता हसता थांबले. "पण विचारलंस ते बरोबर विचारलंस. स्क्रू आपोआप ढिले होत नाहीत. माणसं करतात."

त्यांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर अडकवला. आईच्या कमरेचं हाड, त्याच्या मागच्या अंगाला वाकडी पट्टी आणि पट्टीतून आरपार गेलेले सात स्क्रू. "हे उखळ," डॉक्टर पेन टेकवत म्हणाले, "आणि हा मांडीच्या हाडाचा गोळा. हा त्या उखळात फिरतो म्हणून माणूस चालतो, बसतो, उठतो. तुझ्या आईच्या उखळाची मागची भिंत फुटली होती. तीन तुकडे झाले होते. ते आम्ही जुळवून धरून ठेवलेत. धरून ठेवलेत, बरं का. जोडायचं काम हाड स्वतः करतं आणि त्याला बारा आठवडे लागतात. आज सहा झालेत."

"तवर पाय टेकायचाच न्हाई का?" आईनं, सुषमानं, वॉकरला धरूनच विचारलं.

डॉक्टरांनी टेबलाखालचा वजनकाटा पायानं पुढं सरकवला. "उजवा पाय ह्याच्यावर ठेवा. काटा दहावर आला की थांबा."

पहिल्यांदा काटा बावीसवर गेला. दुसऱ्यांदा सतरा. तिसऱ्यांदा दहावर आला तेव्हा आईला हसू फुटलं. तीस-तीस किलोचं ओझं डोक्यावरून वाहणारी बाई ती. "दहा म्हंजी आमच्या शेळीचं करडू झालं की हो डॉक्टर."

"मग बारा आठवडे करडूच ठेवायचं. म्हैस ठेवायची नाही," डॉक्टर म्हणाले. "खाली बसायचं नाही, मांडी नाही, उकिडवं नाही, पायरी नाही. आणि एक ऐका, आता दुखायचं थांबेल. लोक तिथंच फसतात. दुखत नाही म्हणजे जोडलं, असं नसतं. ती भिंत ढासळली तर गोळा उखळाला घासत राहील, आणि मग सगळा सांधाच बदलावा लागेल. छत्तिसाव्या वर्षी ती वेळ आणू नका."

अंकितानं रफ वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, 'बारा आठवडे', आणि खाली दोन रेघा मारल्या.

आता हे सगळं कशानं झालं, तर बन्सीच्या जीपनं. बन्सी चौफुला-न्हावरा रस्त्यावर वडाप चालवायचा, म्हणजे दहाजणांच्या जीपमध्ये अठरा माणसं कोंबायचा. दिवाळीच्या आधी आई माहेराहून, न्हावऱ्याहून, परत येत होती. बन्सीनं तिला पुढं बसवलं होतं, आणि पुढं ती धरून चौघं, पाचवा बन्सी. उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती, दिवसाउजेडी, हत्तीएवढी. बन्सी मागं तोंड करून कुणाला तरी सरकून बसायला सांगत होता. जीप ट्रॉलीवर गेली, आईचा गुडघा समोरच्या पत्र्यावर आपटला, आणि तो धक्का मांडीच्या हाडातून मागं जाऊन खुब्याची भिंत फोडून गेला. गुडघ्याला साधं खरचटलं होतं. त्यामुळं पहिला अर्धा तास सगळे गुडघ्यालाच हळद लावत होते.

दौंडच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी निसटलेला गोळा जागेवर बसवला, पायाला वजन टांगलं आणि सांगितलं, पुण्याला न्या, ऑपरेशन करा, दोन आठवड्यांच्या आत. त्यातले नऊ दिवस गेले पाव्हण्यारावळ्यांच्या बैठकीत. बैठक भरायची आईच्या खाटेभोवती, आणि आईला सोडून सगळ्यांना मत होतं. आप्पांची थोरली बहीण धुरपदाआत्या म्हणाली होती, "कंबरंला चाकू लावलेली बाई पुना उभी ऱ्हात न्हाई." शेवटी न्हावऱ्याहून मच्छिंद्रमामा आला आणि त्यानं बहिणीला उचलून गाडीत घालून पुण्याला नेलं, तेव्हा कुठं बाराव्या दिवशी ऑपरेशन झालं. पाच तास चाललं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांची पाठ वाकली होती.

आणि त्याच पाच तासांत, ऑपरेशनच्या दाराबाहेर, धुरपदाआत्यानं पदर पसरला होता. "खंडेराया, माझ्या भावजयीचा पाय नीट कर. येत्या सोमवतीला ती तिच्या पायानं गड चढंल." आप्पांनी हात जोडून मान हलवली होती. अंकितानं स्वतः पाहिलं होतं. तेव्हा तिलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. पण सोमवती अमावास्या कधी येते हे तेव्हा कुणी पंचांगात बघितलं नव्हतं. ती आली दहा जानेवारीला. ऑपरेशनपासून नवव्या आठवड्यात.

जिच्या पायाचा नवस, ती तेव्हा बेशुद्ध होती.

अंकिताला आधी वाटलं, सांगितलं की समजतील. शिरूरहून आल्यावर तिनं रफ वही उघडून सगळ्यांना वाचून दाखवलं, तालुक्यात दुसरा नंबर आलेल्या आवाजात. अपघातापासून इथंच राहिलेली आत्या भाकरी थापत होती. ती थापतच राहिली.

"डॉक्टर सांगत्यात त्यांचं. त्यांना सोमवती काय ठावं?"

"आत्या, पुढच्या सोमवतीला जाऊ की. देव काय पळून जातोय?"

"बोललेला नवस फिरवायचा नसतो, अंके. देवानं त्याचं काम केलं. पाय जोडला."

"पाय डॉक्टरनी धरून ठेवलाय. अजून जोडलेला न्हाई."

"आन् डॉक्टरच्या हाताला यश कुणी दिलं?"

अंकिता उठून बाहेर गेली आणि हापसा एवढ्या जोरात मारला की अर्धी कळशी तिच्याच परकरावर सांडली.

तिचा राग असा दिवसादिवसानं वाढत गेला. तिला कामाचं काही वाटत नव्हतं. पहाटे उठून पाणी भरायची, आईचं शौचाचं भांडं उचलायची, वेण्या घालून सायकल मारत शाळेत जायची, आणि वर्गात डुलक्या काढल्या म्हणून बाई ओरडल्या तर उभी राहून ऐकून घ्यायची. पण भेटायला येणारं प्रत्येक माणूस चहा पिता पिता तेच बोलायचं. 'देवानं वाचवलं.' 'आता कवा चालायचं?' 'आमच्या चुलत्याला तर महिन्यात उभा केला.' महिन्यात उभा केलेला तो चुलता खुरडत चालायचा, हे अंकितानं स्वतः बघितलं होतं. ते मात्र कुणी बोलायचं नाही.

सोमवतीच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी बन्सी आला. तोच बन्सी. पायरीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. जीपला नवा रंग दिला होता.

"आप्पा, माझ्या हातनं झालं ते झालं. मनाला लई लागलंय. सोमवारी जेजुरीला समद्यांना मीच नेतो. एक पैसा घेणार न्हाई. वहिनींना पुढं बसवतो, ऐसपैस."

चहाचं आधण ठेवता ठेवता अंकिता दारात आली. पुढं बसवतो. त्याच जीपमध्ये, त्याच जागेवर, तोच पत्रा गुडघ्यासमोर. तिनं आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "बरं झालं. गाडीचा घोर मिटला."

"आप्पा," ती म्हणाली.

"चा दे त्याला."

तिनं चहा दिला. साखर घातली नाही. बन्सी निमूट पिऊन गेला.

पण तोवर एक भरवसा होता. आई. आईनं तो काटा बघितला होता, पायानं जोखला होता. आईच म्हणेल नको, आणि आईनं नको म्हटल्यावर कोण काय करणार? असं धरून अंकिता शनिवारची सकाळची शाळा करून अकराला घरी आली.

अंगण ताजं सारवलेलं होतं. सोमवतीसाठी आत्यानं पहाटेच सारवलं असणार. अंकितानं सायकल कडेला लावली, चप्पल काढली, आणि पाऊल उचलणार तोच थांबली. ओल्या शेणावर पावलं उठली होती. ओट्यापासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून ओट्यापर्यंत, जाऊन येऊन चार खेपा. आईची पावलं तिनं लगेच ओळखली, डाव्या अंगठ्याजवळ भेगेची खूण होती. डावं पाऊल टाचेसकट खोल. उजवं पाऊल टाचेसकट, तितकंच खोल.

वॉकरला चार पाय असतात. रबराची चार गोल बुडं. ती सारवणावर उठायला हवी होती. अंकिता खाली वाकून शोधत राहिली. एक गोल दिसला नाही. वॉकर ओट्यावर भिंतीला टेकून होता आणि त्याच्यावर आत्याचं लुगडं वाळत होतं.

आई खाटेवर बसली होती. कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर चोरी पकडलेल्या पोरासारखं हसू.

"बघ की," ती म्हणाली. "काय दुखत न्हाई. चार येरझाऱ्या मारल्या."

अंकिता ह्या घरात कधी आईवर ओरडली नव्हती. त्या दिवशी ओरडली. काय काय बोलली ते तिला नंतर नीट आठवेना. दप्तर फेकलं हे आठवलं. "तुला कळतंय ना? तू सोता काट्यावर पाय ठेवला ना? त्यांना न्हाई कळत, पण तुला कळतंय ना?" हे तीन-तीनदा म्हटल्याचं आठवलं. आत्या चुलीपुढून उठून आली. आप्पा गोठ्यातून आले, हातात वैरणीची पेंढी तशीच.

"अगं, आईशी बोलतीस का कुणाशी?" आत्या म्हणाली. "गड चढायचा तर पायाला सवय नको व्हय? मीच म्हणलं, जरा चालून बघ."

"तुम्ही म्हणलं," अंकिता म्हणाली. "तुम्हीच म्हणणार. ऑपरेशन नको, तुम्हीच म्हणलं. नवस तुम्हीच बोलला. पाय आईचा, आन् बोलायचं तुम्ही. चारशे पायऱ्या हायेत, आत्या. सोमवतीला तिथं मुंगीला वाट मिळत न्हाई. मागनं एकानं ढकललं तर कोण धरणार, देव का बन्सी?"

"तोंड आवर," आप्पा म्हणाले.

"देवानं बारा आठवडे सांगितलं असतं ना, तरी तुम्ही नऊच धरलं असतं."

आप्पांनी पेंढी खाली टाकली. अंकिताला वाटलं आता मारणार. पण ते खाटेच्या कडेला बसले, आईच्या पायाशी, आणि जमिनीकडं बघत बोलले. "पाच तास, अंकी. आत काय चाललंय, दिसत न्हाई. कागदावर माझी सही घेतलेली, जिवाला धोका म्हणून. माझ्या हातात दुसरं काय हुतं? म्या देवाला शबूद दिला. त्यानं ऐकलं. आता काम झाल्यावर म्या त्याला म्हणू, थांब?"

आप्पांचा आवाज असा कधी अंकितानं ऐकला नव्हता. राग होता तिथंच होता, पण त्याला क्षणभर कुणाकडं तोंड करावं ते कळेना.

मग आई बोलली. इतके दिवस खाटेभोवतीच्या बैठकीत जी एक शब्द बोलली नव्हती, ती.

"तुम्हा दोघांचं झालं का? आता माझं ऐका. अंके, मला कळतंय. डॉक्टर म्हणले ते एक आन् एक अक्षर कळतंय. पण नवस माझ्या पायाचा हाय. म्या न्हाई फेडला, आन् उद्या तुझ्या बापाला साधा ताप आला, न्हाईतर तू सायकलवरनं पडलीस, तर समदं गाव काय म्हणंल? सुषमीनं नवस मोडला. तुझी आत्या म्हणंल, पाव्हणं म्हणतील. माझ्याच मनात यील. त्यापरीस पाय गेला तर गेला. लंगडी बाई चालती घरात. नवस मोडलेली चालत न्हाई."

आत्या 'मी कवा म्हणले' असं काहीतरी पुटपुटली, पण ते कुणी ऐकलं नाही.

अंकिता उभीच होती. म्हणजे आईला पाय नीट झाला असं वाटत नव्हतं. आई पाय मोडायला निघाली होती, समजून-उमजून, कारण पायापेक्षा बोल जड होता. आणि हे सगळ्यांना आतून ठाऊक होतं, आणि तरी अंगण सारवून झालं होतं, जीप ठरली होती, नारळ आणून झाले होते. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. तिनं डोळे बाहीनं पुसले, दप्तरातनं कंपासपेटी काढली, तिच्यातनं रुपयाची सगळी नाणी घेतली आणि चप्पल न घालता सायकलवर टांग मारली.

पाटसच्या फाट्यावर दुकानात लाल डबा फोन होता. तिनं आधी शिरूरच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, पेशंट कोण, ऑपरेशन कधीचं, आता काय तक्रार. अंकितानं सगळं सांगितलं, पावलांचंसुद्धा. बाई म्हणाल्या, थांब. नाणं संपत आलं, दुसरं टाकलं. मग डॉक्टरच फोनवर आले, पुण्याहून, कसे जोडले गेले देव जाणे.

"चार येरझाऱ्या, पूर्ण वजन?" ते म्हणाले. "सोमवारी घेऊन ये. फोटो काढून बघू पट्टी हलली का. तोवर खाटेवरून उतरायचं ते वॉकर घेऊनच. पाय खुब्यात जास्त वाकू देऊ नको. कुणी मोठं माणूस आहे का तिथं?"

"मी हाय," अंकिता म्हणाली.

दुसरा फोन तिनं न्हावऱ्याला लावला, मामाच्या शेजाऱ्यांकडं. मामा येईपर्यंत तीन नाणी गेली. मच्छिंद्रमामानं सगळं ऐकलं, फोनवरच एक शिवी हासडली, मग म्हणाला, "बोलायचं काम तुझं. गाडीचं काम माझं. तुझ्या बापापुढं बोलशील का?"

"बोलीन."

परत येताना वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. ती त्यांच्या कडेकडेनं सायकल मारत आली, धुरळा खात, मनात भाषण जुळवत. स्पर्धेत करतात तसं, आधी नमस्कार, मग मुद्दे. घरी पोचेपर्यंत नमस्कार विसरला होता.

आप्पा अजून तिथंच बसले होते. आई भिंतीला टेकून होती. अंकितानं वॉकरवरचं लुगडं काढलं, घडी न घालता आत्याच्या हातात दिलं, वॉकर उचलून आईच्या खाटेला लावून ठेवला आणि दोघांच्या समोर उभी राहिली.

"आप्पा, आई, सोमवारी आई जेजुरीला जाणार न्हाई. मामा सकाळी आठला गाडी घेऊन येतोय. मागं उशी टाकून आईला आडवी न्यायची. शिरूरला आमचा चौथा नंबर हाय, म्या फोन करून लावलाय. फोटो काढणार हायेत. आप्पा, तुम्ही आन् आत्या बन्सीच्या गाडीत गडावर जा, भंडारा उधळा आन् देवाला सांगा, सुषमा यायला तयार हुती, तिच्या पोरीनं अडवलं. माझं नाव घेऊन सांगा. त्याला राग आला तर माझ्यावर येऊ दे. पुढं घरात कुणाला ताप येऊ दे, शेळी मरू दे, मोटर जळू दे, बोट माझ्याकडं करायचं, आईकडं करायचं न्हाई. पाव्हण्यांना म्या सांगीन, गावाला म्या सांगीन. बारा आठवडं झाल्यावर डॉक्टर चढा म्हणले तर ती चढंल, न्हाई म्हणले तर न्हाई. तवर ह्या खाटेवरनं तिला कुणी वॉकरशिवाय उतरवलं, तर म्या शाळा सोडून दारात बसणार हाय, आन् बसणार म्हंजी बसणार. हे म्या ठरवलंय."